पाणी सांगायचं राहून गेलं

कोलेस्टेरॉल हा शब्द मी नोकरीत इतक्या तऱ्हांनी ऐकलाय, की खरा उच्चार कोणता हे कधी कधी मलाच आठवावं लागतं. कोलेस्टॉल, कोल्स्टर, कोलेस्ट्राल. औंढ्याच्या एका आजींनी तर रिपोर्ट माझ्यापुढे धरून सांगितलं, "मव्हा कुलस्वामी वाढलाय म्हन्ते डॉक्टर."

मी म्हटलं, "आजी, कुलस्वामी वाढला तर चांगलंच की."

"मंग ह्या गोळ्या काहून दिल्या?"

हसू आवरत मी त्यांना समजावलं. त्यांना समजलं की नाही कोण जाणे. पण जाताना त्यांनी रिपोर्टाला हात लावून नमस्कार केला, एवढं मी पाहिलं.

मी आहारतज्ज्ञ. हिंगोली जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयातून अलीकडेच निवृत्त झाले. हा हुद्दा बाहेरच्यांना फारसा माहीत नसतो, म्हणून सांगते. माझी कामं दोन. एक, वॉर्डातल्या रुग्णांना काय जेवण जाईल ते ठरवायचं. कुणाला खिचडी, कुणाला बिनमिठाचं, कुणाला नुसतं पेजेचं पाणी. दुसरं, डॉक्टरांनी पाठवलेल्या माणसांना काय खावं, काय टाळावं ते सांगायचं. माझी खोली स्वयंपाकघराच्या बाजूला होती. त्यामुळे निम्मे लोक मला 'जेवणाच्या मॅडम' म्हणत आणि बाकीचे आत डोकावून विचारत, "आज भाजी कशाची हाय?"

औंढ्याजवळच्या आमच्या वस्तीतून पदवीपर्यंत शिकलेली मी पहिलीच मुलगी. परभणीला गृहविज्ञान शिकले. आई रोज ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि कारळाची चटणी करायची. वसतिगृहात मला त्या डब्याची लाज वाटायची. पुढे नोकरीत आले आणि रुग्णांना द्यायचा पहिला छापील कागद तयार केला, त्यात मी ओट्स लिहिले, ब्रोकोली लिहिली, ऑलिव्हचं तेल लिहिलं. सेनगावकडच्या एका शेतकऱ्यानं तो कागद नीट वाचला आणि विचारलं, "मॅडम, हे ओट खरिपात पेरायचं का रब्बीत?" त्याच्या घरात ज्वारीची पोती होती. ते धान्य मी कागदावर धरलंच नव्हतं.

मला वाटायचं, आपलं काम म्हणजे लोकांना शब्द शिकवणं. ते उलटं आहे, हे कळायला बरीच वर्षं गेली.

वसमतचे एक हळदीचे व्यापारी यायचे. त्यांच्या कपड्यांना, चष्म्याच्या काड्यांना, अगदी रिपोर्टाच्या पाकिटालाही हळदीचा वास. त्यांनी एकदा खिशातून कॅप्सूलची बाटली काढली आणि हळू आवाजात म्हणाले, "फारेनचं आहे. करक्युमिन. पोराने पाठवलं. कोलेस्टेरॉलला एकदम जालीम." मी बाटली हातात घेऊन विचारलं, "शेठजी, करक्युमिन कशातून काढतात, ठाऊक आहे?" त्यांना ठाऊक नव्हतं. हळदीतूनच, असं मी सांगितल्यावर त्यांनी बाटली नाकाशी धरली. मग म्हणाले, "म्हणजे मीच पाठवलेली परत आली का काय?" जेवणातली हळद आणि अर्क काढलेली कॅप्सूल यांत फरक असतो, तुमच्या रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर ती चालेल का हे डॉक्टरांना विचारा, एवढंच मी सांगितलं. ते मात्र पुढे प्रत्येक भेटीत आपला हा किस्सा स्वतःच सगळ्यांना ऐकवायचे.

हट्ट्याचे एक निवृत्त गुरुजी होते, गळ्यात माळ. ते कुणीतरी दिलेल्या ओमेगा-तीनच्या गोळ्या वर्षभर घेत होते. त्यांनी सहज विचारलं, "हे कशापासून बनवतात?" खोटं सांगणं सोपं होतं. मी खरं सांगितलं, माशाच्या तेलापासून. गुरुजींचा हात माळेकडे गेला. मग शांतपणे म्हणाले, "जवसात असतं म्हणतात, ते हेच का?" मी म्हटलं, जवसातलं त्याच घराण्यातलं आहे, पण शरीर त्याचं या माशातल्यासारखं रूप अगदी कमी प्रमाणात करू शकतं, तुमच्या हृदयाला ही गोळी गरजेची आहे का, हेच आधी डॉक्टरांना विचारू. ती गरजेची नव्हतीच. पण त्या दिवशी गुरुजींच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते पाहून मी ठरवलं, डब्यावरचा प्रत्येक शब्द आपल्याला माहीत पाहिजे, आणि तो समोरच्याच्या भाषेत सांगताही आला पाहिजे.

ठरवलं खरं. पण पाळलं किती, ते किसनरावांच्या वेळी समजलं.

किसनराव साखऱ्याचे. कोरडवाहू शेती, सोयाबीन-तूर घेणारे, साठीच्या आसपासचे, कमी बोलणारे. त्यांना हृदयविकाराचा झटका आला, नांदेडला नेलं, तिथे रक्तवाहिनीत जाळी बसवली. नंतर दर महिन्याच्या गोळ्यांसाठी ते आमच्याकडे येऊ लागले. नांदेडच्या कागदावर इंग्रजीत लिहिलेलं होतं: चरबी कमी, मीठ कमी, फायबर जास्त. त्या दिवशी माझ्या खोलीबाहेर मोठी रांग होती. मी कागद पाहिला, त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हटलं, "तळलेलं बंद करा. मीठ कमी करा. फायबर वाढवा, कोलेस्टेरॉल उतरायला मदत होईल." छापील कागद हातात दिला. पुढच्या माणसाला आत बोलावलं.

बायको सोबत होती, सुभद्राबाई. बारीक अंगाची, कपाळावर मोठं कुंकू, शाळेत कधी न गेलेली. ती दारातच उभी होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, काहीतरी विचारायचं होतं. रांग पाहून ती निघून गेली.

तीन महिन्यांनी उन्हाळ्यात, सकाळच्या फेरीला मी पुरुष वॉर्डात गेले, तर किसनराव खाटेवर. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, तोंड कोरडं, सकाळपासून दोनदा उलटी. चार दिवस पोट साफ नाही. वॉर्डातले तरुण डॉक्टर नांदेडला पाठवायच्या विचारात होते. आतडं अडलं असेल तर पोट उघडावं लागेल, आणि जाळी बसवून वर्षही न झालेल्या माणसाचं पोट उघडणं म्हणजे मोठाच धोका. रक्त पातळ करायची गोळी चालू ठेवली तर शस्त्रक्रियेत रक्तस्राव, थांबवली तर जाळी बंद पडायची भीती.

मी सुभद्राबाईंना विचारलं, "खाण्यात काय काय होतं?"

"भाकर, वरन. आन् ती पावडर."

"कोणती पावडर?"

तिने पिशवीतून एक चकचकीत डबा काढला. वर हिरवं पान आणि लाल हृदयाचं चित्र. मोठ्या अक्षरांत 'नैसर्गिक फायबर'. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, की मोठा पेलाभर पाण्यात मिसळून घ्यावे व नंतर आणखी पाणी प्यावे. आत होती इसबगोलाची भुशी, वासाला थोडा संत्र्याचा अर्क.

"कशी घेत होते?"

"पान्यात टाकली की तिचा चिखल व्हतो. ह्यांना गिळना. मंग कोरडीच तोंडात टाकायचे, वरून घोटभर पानी. दिवसातून तीनदा. कुळवाच्या पाळीला गेले की रानात पानी तरी कुठं असतं जवळ?"

मी टेबलावरचा स्टीलचा पेला घेतला, पाव पेला पाणी, दोन चमचे पावडर. डॉक्टरांना म्हटलं, पाच मिनिटं थांबा. पाच मिनिटांनी पेला उलटा धरला. काहीच पडलं नाही. आतला गोळा पेल्याला धरून बसला होता.

डॉक्टर माझ्याकडे पाहून म्हणाले, "हेच पोटात झालंय."

एक्स-रे झाला. आतड्याला पीळ वगैरे पडलेला नव्हता. खालच्या भागात लगदा घट्ट बसला होता. मोठ्या डॉक्टरांशी फोनवर बोलणं झालं. सलाईन, एनिमा, तोंडाने काही नाही, आणि दुपारपर्यंत वाट बघायची. नांदेडला न्यायची गाडी मात्र दारात उभी ठेवायची.

मग डॉक्टरांनी गोळ्यांचं विचारलं. किसनरावांनी मान खाली घालून सांगितलं, की गावात एक शिबिर झालं होतं. पडद्यावर चित्रं दाखवली. टाय लावलेल्या साहेबांनी सांगितलं, की कोलेस्टेरॉलच्या गोळीने लिव्हर सडतं, हे फायबर रक्तवाहिन्या धुऊन काढतं, तीन महिन्यांत गोळी सुटते. किसनरावांनी सगळ्याच गोळ्या उकिरड्यावर टाकून दिल्या होत्या.

"सगळ्या?" डॉक्टरांचा आवाज चढला. "रक्त पातळ करायची पण?"

"ती न्हाई," सुभद्राबाई म्हणाली.

आम्ही सगळे तिच्याकडे वळलो.

"म्या उकिरड्यावून उचलून आनल्या. नांदेडच्या डॉक्टरनं बोट दाखवून सांगितलं व्हतं, ही गुलाबी एक जरी दिस चुकली तर मानूस गेला. पिवळीचं तसं काय म्हनले न्हाईत, म्हनून ती सुटली. पन गुलाबी रोज सकाळी दिली, सरली की दवाखान्यातून म्याच आनली. गिळल्याबिगर चहा न्हाई."

तिला अक्षर ओळखता येत नव्हतं. गोळ्या ती रंगाने आणि आकाराने ओळखायची, गुलाबी म्हणजे रक्त पातळ करायची, पिवळी कोलेस्टेरॉलची, आणि ऐकलेलं एक वाक्य विसरत नव्हती. नवरा रागावला, भांडला, 'साहेबापेक्षा तू शहाणी का' म्हणाला, तरी तीन महिने ती एका वाक्यावर ठाम राहिली होती. डॉक्टर तिला म्हणाले, "मावशी, तुमच्यामुळे हे जिवंत आहेत." तिचं लक्ष नवऱ्याच्या पोटाकडे होतं.

सलाईन लागल्यावर ती व्हरांड्यात माझ्याजवळ आली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं.

"मॅडम, फायबर वाढवा म्हनून तुमीच म्हनल्या व्हत्या ना?"

"व्हय."

"तव्हा फायबर म्हंजी काय ते आमाला ठाव न्हवतं. मंग ते साहेब आले, डब्याव त्योच शबूद. हे म्हनले, मॅडमनं सांगितलं ते हेच." ती थांबली. "तुमी पानी म्हनल्या न्हाईत."

"पाणी नाही सांगितलं," मी म्हटलं. "माझं चुकलं."

इतक्या वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी कुणा रुग्णापुढे कधी बोलले नव्हते. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मंग आता सांगा. समदं सांगा. म्या बसते हितंच."

दुपारी चारच्या सुमारास किसनरावांचं पोट मोकळं झालं. सुभद्राबाई वॉर्डातून धावतच बाहेर आली आणि व्हरांड्यातल्या सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलं, "झालं! मॅडम, झालं!" संडास झाल्याचा इतका आनंद मी आणखी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेला नाही. नांदेडची गाडी दारातून रिकामीच परत गेली.

पुढचे चार दिवस किसनराव दवाखान्यात होते, आणि रोज दुपारी रांग ओसरली की सुभद्राबाई माझ्या खोलीत येऊन बसायची. मी सांगायचे, ती ऐकायची, आणि मग तेच ती तिच्या भाषेत मला परत सांगायची. चुकलं की मी दुरुस्त करायचे. पण दुरुस्त करायची वेळ कमीच आली.

फायबरचं मी सांगितलं, की तो धान्य-भाज्यांतला न पचणारा भाग, चोथा. तो दोन जातींचा. एक पाण्यात विरघळत नाही, दुसरा पाणी पिऊन फुगतो. तिने लगेच म्हटलं, "एक कोंडा, एक बुळबुळ्या. कोंडा पोट झाडतो. बुळबुळ्या म्हंजी भेंडी, भिजवलेली मेथी, जवस." मी पुस्तकात शिकलेल्या दोन लांबलचक शब्दांऐवजी त्या दिवसापासून 'कोंडा' आणि 'बुळबुळ्या'च वापरत आले.

बुळबुळ्याने कोलेस्टेरॉल कसं उतरतं? मी सांगितलं, की पित्त आतड्यात येतं, काम झालं की बरंचसं परत लिव्हरकडे जातं. हा बुळबुळीत चोथा त्यातलं थोडं धरून बाहेर नेतो. मग लिव्हरला नवं पित्त करायला रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरावं लागतं. "लिव्हर म्हंजी?" "यकृत." तिला समजेना. "कलेजी." "हां! असं बोला ना."

मी सांगितलं की एलडीएल हे कोलेस्टेरॉल नेऊन रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साठवतं, आणि एचडीएल ते उचलून परत कलेजीकडे आणतं. ती म्हणाली, "म्हंजी एक गाडी वाटंत खत टाकत जाती आन् दुसरी उचलून आनती. टाकनारी जास्त झाली की वाट बुजली." मी सांगितलं, की ही गोष्ट इतकी साधी नाही, पण एवढी समजली तरी पुरे.

प्रोबायोटिकवर मी नीट सुरुवातही केली नव्हती. "पोटाला उपयोगी जिवंत जंतू..." म्हटलं आणि ती म्हणाली, "इरजन, दह्याला लावतो ते." "आणि जंतूला खायला लागतं ते, प्रीबायोटिक?" मी विचारलं. "इरजनाचं दूध," ती म्हणाली. बाजारातल्या प्रत्येक दह्यात औषधाच्या दर्जाचे जंतू असतीलच असं नाही, हे मी सांगितलं. तिने मान डोलावली. तिला काही विकायचं नव्हतं, म्हणून तिला 'असेलच असं नाही' हे वाक्य पचत होतं.

आणि शेवटी मी सांगितलं ते सगळ्यांत महत्त्वाचं: इसबगोल वाईट नाही. पाण्यासोबत, मोजून घेतलं तर पोटाला चांगलं, कोलेस्टेरॉलही थोडं उतरवतं. पण थोडं. झटका येऊन गेलेल्या माणसाला गोळी लागतेच. आणि पावडर घ्यायचीच झाली तर गोळी आणि पावडर यांच्यात अंतर ठेवायचं, नाहीतर पावडर गोळीलाच धरून ठेवू शकते.

"मंग डबा खोटा न्हाई," ती विचार करत म्हणाली. "डब्यावालं खोटं."

सुट्टी मिळून ते गावी गेले. महिन्याभराने तिचा फोन. "मॅडम, ते साहेब परत येऊन राहिले. पुढच्या रविवारी, शाळंच्या व्हरांड्यात. तुमी या. पन तुमी बोलायचं न्हाई. तुमी बोलल्या तर ते म्हनतील, सरकारी बाई, डॉक्टरचीच मानूस. म्या बोलते."

मी गेले. मागे बायकांत बसले. साठेक माणसं होती. साहेब तिशीचे, हसतमुख, बोलायला गोड. पडद्यावर बुजलेली रक्तवाहिनी दाखवली, मग तीच स्वच्छ झालेली. "पीसीओडी, गॅस, ॲसिडिटी, कोलेस्टेरॉल, सगळ्याचं मूळ पोटात," ते म्हणाले. लोक माना डोलावत होते. पुढच्या रांगेत आप्पा बसले होते, गावातले थोर माणूस, साठ एकरांचे मालक. त्यांनीही बीपीची आणि कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली होती, हे सुभद्राबाईने मला आधीच कानात सांगितलं होतं.

सुभद्राबाई उठली. पदर खोचलेला, हातात पाण्याचा तांब्या आणि पेला.

"साहेब, एक इचारू का?"

"विचारा ना ताई."

"ह्या डब्यात कोंडा हाय का बुळबुळ्या?"

लोक हसले. साहेबही हसले. "ताई, यात नैसर्गिक फायबर आहे."

"ते तर कडब्यात बी हाय," ती म्हणाली. हशा झाला. "म्या इचारलं, फुगनारं का न फुगनारं?"

साहेब गडबडले. तिने उत्तराची वाट पाहिली नाही. पेल्यात थोडं पाणी घातलं, पावडर टाकली आणि पेला आप्पांच्या हातात दिला. "आप्पा, धरा जरा." मग ती पुढे बोलली, की आमच्या ह्यांनी हे कोरडं खाल्लं आणि पोट फुगून मरायला टेकले, दवाखान्यात मी चार दिवस होते, कुणाला विचारायचं असेल तर ते बसलेत तिकडे. किसनराव मागे खांबाला टेकून बसले होते. त्यांनी वर न पाहता हात वर केला.

"आता दुसरं. हे औषध हाय का अन्न?"

"ताई, हे... फूड सप्लिमेंट आहे."

"म्हंजी अन्न. मंग अन्नानं औषध सोडायचं, हे कोन्या डॉक्टरनं सांगितलं? तुमी डॉक्टर हाव का?"

साहेब पडद्याकडे वळले. त्याच वेळी सुभद्राबाई आप्पांना म्हणाली, "आप्पा, पेला पालथा करा."

आप्पांनी पेला उलटा केला. खाली काहीच पडलं नाही.

तिने आवाज चढवला नव्हता. कुणाला चोर म्हटलं नव्हतं. मी तीस वर्षं व्याख्यानं दिली, तक्ते दाखवले, आरोग्य सप्ताहात माईकवर बोलले. इतक्या थोडक्या शब्दांत इतकं मी कधी सांगू शकले नाही.

सभा मोडली. साहेब सामान आवरत होते. मी जवळ गेले तेव्हा ते कळवळून म्हणाले, "मॅडम, आम्हाला ट्रेनिंगमध्ये जे शिकवलं तेच मी बोलतो हो. पाण्याचं कुणी सांगितलं नाही." मग इकडे तिकडे बघून हळूच विचारलं, "माझ्या आईची कोलेस्टेरॉलची गोळी मीच बंद केली होती. चालू करू का?" मी म्हटलं, आजच डॉक्टरांकडे न्या. रागावण्यासाठी मी शब्द गोळा करून आणले होते, ते तसेच राहिले.

त्या आठवड्यात साखऱ्याहून दहा-बारा माणसं गोळ्या परत सुरू करायला आमच्याकडे आली. आप्पा आले नाहीत. पेला त्यांच्याच हातात होता, पण एका बाईच्या सांगण्यावरून दवाखान्यात जाणं त्यांना कमीपणाचं वाटलं असावं. पावसाळा संपता संपता त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. मी त्यांना वॉर्डात पाहिलं तेव्हा त्यांना नळीतून पातळ अन्न द्यायचं प्रमाण मीच लिहून दिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि डाव्या हाताने काहीतरी खुणावलं. काय, ते मला समजलं नाही. त्या रविवारी मी स्वतः उठून त्यांच्याशी दोन शब्द बोलायला हवे होते. सुभद्राबाईला दिलेला शब्द पाळण्याच्या नादात मी तेवढं केलं नाही. गोळी चालू असती तरी झटका आलाच नसता, असं कुणीच सांगू शकत नाही. तरी ते मनातून जात नाही.

किसनरावांचा पुढचा रिपोर्ट आला. वाईट कोलेस्टेरॉल निम्म्याच्या आसपास उतरलं होतं. गोळी, भाकरी, भाज्या आणि दुपारी पेलाभर पाण्यातलं एक चमचा इसबगोल. सुभद्राबाईने कागद उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "टाकनारी गाडी कोनती लाईन?" मी बोट ठेवलं. तिने त्या ओळीवरून अंगठा फिरवला.

त्यानंतर मी जुना छापील कागद रद्द केला. नवा कागद तयार करताना तिला तीन वेळा बोलावलं. ओट्स गेले, ज्वारी आली. ऑलिव्ह गेलं, करडई आली. 'फायबर' हा शब्द पहिल्या ओळीत ठेवला आणि त्याच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, 'पाणी'. तिने सुचवलेले शब्द मी जसेच्या तसे घेतले. वरिष्ठांनी 'बुळबुळ्या' वाचून भुवया उंचावल्या. मी म्हटलं, "साहेब, रुग्णाला विचारा, त्याला कोणता शब्द समजतो." ते विचारायला बाहेर गेले आणि परत येऊन सही केली. मग तालुक्यातल्या आशाताईंच्या प्रशिक्षणातही सुभद्राबाईला दोनदा बोलावलं. समोर वह्या उघडून बसलेल्या बायका आणि पुढे ही, जिला सही येत नाही. बायकांनी पानंच्या पानं लिहून घेतली.

निवृत्त झाले त्या वर्षी मी सहज माझं रक्त तपासलं. एलडीएल चांगलंच वर. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. मी म्हटलं, "अगोदर थोडे दिवस आहारानं बघते." जन्मभर दुसऱ्यांना आहार सांगितलेली मी, माझ्या आहाराने मलाच दगा द्यावा, हे पटत नव्हतं. गोळीची पट्टी कपाटात पडून राहिली. दोन महिन्यांनी सुभद्राबाईचा फोन आला, कुणाच्या तरी पोटदुखीचं विचारायला. बोलता बोलता मी माझं सांगून बसले.

मग ती म्हणाली, "ताई, तुमचा आकडा किती हाय?"

मी सांगितला.

"आन् डॉक्टरनं घ्या म्हनलं?"

"व्हय. पण मी म्हटलं, जवस, ज्वारी..."

"ताई," ती मध्येच म्हणाली. पहिल्यांदाच तिने मला मॅडम म्हटलं नव्हतं, ते माझ्या तेव्हा लक्षात आलं. "तुमचा आकडा घेऊन म्या आले असते रांगंत, तर मला काय म्हनल्या असत्या?"

मला उत्तर माहीत होतं. ते तिलाही माहीत होतं. मी फोन तसाच चालू ठेवून कपाट उघडलं.